तलफेच्या वेळी सोबत हवी: सार्वजनिक आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, मा. सचिव आणि मा. आयुक्त,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
आणि या विभागासाठी मोबाइलवरचे संदेश, ॲप व व्हिडिओ तयार करणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना समुपदेशन करते. तंबाखूने कॅन्सर होतो, हे समोर बसलेल्या माणसाला मला सांगावं लागत नाही. त्याने ते सिनेमा सुरू होण्याआधी ऐकलेलं असतं, पुडीवरच्या चित्रात पाहिलेलं असतं. पुष्कळदा भावकीतल्या कुणाचं तरी जबड्याचं ऑपरेशनही त्याने जवळून पाहिलेलं असतं. त्याची अडचण निराळी असते. सकाळी चिमूट तोंडात गेल्याशिवाय पोट साफ होत नाही, त्याचं काय करायचं? रात्रपाळीत तीनच्या सुमारास डोळे मिटायला लागतात, तेव्हा काय चघळायचं? जेवण झालं की मुकादम मळलेली तंबाखू पुढे करतो, तेव्हा त्याला नाही कसं म्हणायचं?

मोबाइलवरून चालणारे आपले बहुतेक आरोग्य उपक्रम माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. या प्रश्नांपर्यंत ते पोचत नाहीत. म्हणून विनंती करते की राज्याचा तंबाखूमुक्तीचा मोबाइल उपक्रम नव्याने बांधावा. तो चघळायच्या तंबाखूसाठी आणि मशेरीसाठी असावा, बोलक्या मराठी आवाजात असावा, तलफ येते त्या पाच-दहा मिनिटांना धरून असावा. आणि सहा महिन्यांनी किती जण तंबाखूशिवाय राहिले, एवढ्यावरच त्याचं यश मोजावं.

आधी आपल्या राज्याचं चित्र पाहू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. विडी-सिगारेट ओढणारे होते ३.८ टक्के, आणि चघळणारे, लावणारे, ओठाखाली धरणारे २४.४ टक्के. पुरुषांमध्ये एकूण प्रमाण ३५.५ टक्के होतं, बायकांमध्ये १७ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडातल्या तंबाखूचा आहे. तरीही फोनवर येणारे संदेश उघडून पाहा. धुराने काळवंडलेली फुप्फुसं, विझवलेली सिगारेट, “धूम्रपान सोडा, मोकळा श्वास घ्या.” तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, दिवसातून चार वेळा दातांना मशेरी लावणारी बाई हे पाहते आणि हे आपल्यासाठी नाही असं समजून पुढे जाते. तिचं काही चुकत नाही. तो संदेश तिच्यासाठी लिहिलेलाच नसतो.

तंबाखू सोडण्यासाठी मोफत राष्ट्रीय क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. समुपदेशकाशी थेट बोलता येतं. २०१८ च्या सप्टेंबरपासून हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो आणि तो निर्णय चांगलाच होता. पण विदर्भात खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण, पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून साध्या प्लास्टिकच्या कागदात बांधून देतात. आठवडी बाजारात तंबाखूची पानं सुटी विकत मिळतात. मशेरी तर घरच्या चुलीवरच भाजली जाते. ज्यांच्या हातात छापील पाकीटच येत नाही, त्यांना हा क्रमांक कुठे दिसणार? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि चोरून आलेल्या मालावरच्या इशाऱ्याचा भरवसा कुणी धरू नये. तेव्हा हा क्रमांक एसटी स्टँडवर, रेशन दुकानात, ऊसतोड मजुरांच्या कोपीजवळच्या पाण्याच्या टाकीवर, दाताच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि गरोदर बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर दिसायला हवा. मोबाइलवरच्या उपक्रमाचं पहिलं पाऊल मोबाइलच्या बाहेर पडतं. नेमकं तेच नियोजनातून सुटतं.

आता मोबाइलकडे येते. फोनवरचे संदेश निरुपयोगी असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही. ब्रिटनमध्ये ‘टेक्स्टटूस्टॉप’ नावाचा प्रयोग झाला. सुमारे ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांवरच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. धूम्रपान सोडायला मदत करणारे संदेश मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के लोक सहा महिन्यांनी धूम्रपानापासून दूर होते, असे संदेश न मिळालेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण ४.९ टक्के होतं. लोकांचा नुसता शब्द धरला नव्हता, लाळेची तपासणी करून खात्री केली होती. मला त्यातली रचना फार महत्त्वाची वाटते. सोडण्याची तारीख त्या माणसाने स्वतः ठरवायची. पहिले पाच आठवडे दिवसाला पाच संदेश, पुढे सव्वीस आठवडे आठवड्याला तीन. आणि तलफ आली किंवा हातून एखादी सिगारेट ओढली गेली, तर एका शब्दाचा संदेश पाठवायचा की लगेच उत्तर यायचं. म्हणजे माणूस जिथे घसरतो त्या जागी आधार उभा केलेला होता.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. दक्षिण भारतातल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. खाणं आणि हालचाल बदलायला माणूस कितपत तयार आहे, हे पाहून त्याला संदेश जात होते. दोन वर्षांत संदेशांच्या गटातल्या १८ टक्के लोकांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटातल्या २७ टक्क्यांना. साधे एसएमएसच होते. पण ज्याला ते मिळत होते त्याचा विचार करून लिहिलेले होते.

केंद्र सरकारने २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने तंबाखू सोडण्यासाठी मिस्ड कॉल आणि एसएमएसची सेवा सुरू केली. वीस लाखांहून अधिक लोकांनी त्यात नाव नोंदवलं. नंतरच्या मूल्यमापनात सहा महिन्यांनी तंबाखू सोडलेल्यांचं प्रमाण सुमारे ७ टक्के आढळलं. सात टक्के ऐकून काही अधिकारी नाक मुरडतील. मी मुरडणार नाही. एवढ्या कमी खर्चात वीस लाखांतले सात टक्के ही मोठी माणुसकीची कमाई आहे. मला पुढचा प्रश्न छळतो. उरलेल्या ९३ टक्क्यांना कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कुणाच्या संगतीत तंबाखू पुन्हा तोंडात टाकावीशी वाटली, हे कुणी विचारलं का?

कारण तलफेला वेळ असते. निकोटीन सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत अवघड जातात. चिडचिड होते, झोप येत नाही, डोकं जड होतं, बद्धकोष्ठ होतं. तीन-चार आठवड्यांत हे ओसरतं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांतच उतरते, आणि हे जेव्हा मी लोकांना सांगते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा विश्वास दिसतो. मग त्या काही मिनिटांचा बेत आम्ही आधीच करून ठेवतो. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलेली ‘असं झालं तर तसं करीन’ ही पद्धत मी रोज वापरते. “मी तंबाखू सोडीन” हा संकल्प हवेत विरतो. “जेवण झाल्यावर ताटावरून उठण्याआधीच लवंग तोंडात टाकीन आणि चूळ भरायला बाहेर जाईन” हे टिकतं, कारण मुकादमाचा हात पुढे येतो तेव्हा तोंड आधीच भरलेलं असतं. असा बेत फोनवरून सहज करून घेता येतो. तुमची पहिली चिमूट किती वाजता? सगळ्यांत अवघड वेळ कोणती? तेव्हा सोबत कोण असतं? तीन प्रश्न, तीन उत्तरं, आणि त्यानंतरचा प्रत्येक फोन त्या माणसाच्या घड्याळाप्रमाणे. सकाळी अकराला सरसकट सगळ्यांना जाणारा संदेश रात्रपाळी करून झोपलेल्याच्या काय कामाचा?

इथे एक इशारा दिला पाहिजे. “तंबाखूऐवजी दुसरं काही चघळा” असा मोघम सल्ला कधीही देऊ नका. माणूस साध्या सुपारीकडे वळतो. सुपारी स्वतःच कर्ककारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. तंबाखू सुटली आणि सुपारी लागली, तर तोंड उघडायचं कमी होत जाणारा आजार त्याला सोडत नाही. लवंग, ओवा, बडीशेप, भाजलेलं जवस असं नाव घेऊन सांगा. दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो हेही सांगा, आणि तो कसा चावून गालात धरून ठेवायचा ते ऐकवा. च्युइंगगमसारखा भराभर चावला की उचकी लागते, छातीत जळजळतं आणि माणूस तो कायमचा टाकून देतो. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

गरोदर बायकांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. मुंबईतल्या सुमारे बाराशे गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायका बहुतांशी मशेरी लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि मुदतीआधी बाळंत होण्याचं प्रमाणही वाढलेलं आढळलं. जिथे बाळं आधीच अडीच किलोच्या खाली जन्मतात, तिथे शंभर ग्रॅम फार असतात. पण मशेरीला आपल्या घरांत व्यसन मानतच नाहीत. आजी लावते, सासू लावते, दात दुखला की लेकीलाही लावायला देतात. तपासणीला आलेल्या बाईला “तंबाखू खाता का?” असं विचारलं की ती खरेपणाने “नाही” म्हणते. “मशेरी लावता का?” असं विचारलं की लाजत “हो, दोनदा” म्हणते. फोनवरच्या नोंदणीत हा एक प्रश्न घालायला पैसा लागत नाही.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ फोन करणारी ‘किलकारी’ ही सरकारचीच सेवा आहे. मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेने ‘एममित्र’मधून हेच काम आवाजी फोनवर करून दाखवलेलं आहे. आवाज, वेळ आणि फोनमालकाची अडचण यांबद्दलचा मोठा अनुभव या मंडळींकडे आहे. त्यांच्यासोबत बसून मशेरीसाठी आठ-दहा फोनांची वेगळी साखळी तयार करा. त्यात सासूसाठीही एक फोन असू द्या, कारण तवा तिच्या ताब्यात असतो.

आवाजाचा आग्रह का धरते तेही सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या केवळ ३३.३ टक्के बायकांनी कधी तरी इंटरनेट वापरलेलं होतं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५७.१ टक्के होतं. त्यानंतर फोन स्वस्त झाले, डेटा वाढला, हे मान्य. पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायकांच्या घरी स्मार्टफोन एकच असतो आणि तो दिवसभर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. ॲप डाउनलोड करा, ओटीपी टाका, प्रोफाइल भरा, असं म्हटलं की ती दारातूनच परत जाते. मिस्ड कॉल द्यावा आणि लगेच उलट फोन यावा, यापेक्षा जास्त काही तिच्याकडून मागू नका. फोनवरचा आवाज तिच्या भागातला असू द्या. गडचिरोलीतल्या माणसाला खर्ऱ्याबद्दल बोलणारा आवाज वैदर्भी वाटला पाहिजे, सांगलीतल्या बाईला मशेरीबद्दल बोलणारी बाई तिच्या गल्लीतली वाटली पाहिजे. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाने २०१६ पासून दारू आणि तंबाखूवर गावागावांत जे काम केलं, त्यातून तिथल्या बोलण्याची नेमकी नस सापडेल.

आणि फोन उचलला की आधी विचारा, “आत्ता ऐकायला सवड आहे का?” तंबाखूची गोष्ट वडिलांपासून लपवणारा कॉलेजचा मुलगा असतो, नवऱ्यासमोर ऐकायची सोय नसलेली बाई असते. स्पीकर लावलेल्या फोनवर “तुमच्या व्यसनाबद्दल” असं सुरू झालं की ते नातं तिथेच संपतं. कोण काय खातं, केव्हा खातं, ही माहिती विम्याच्या कंपन्यांना आणि मालकांनाही हवीशी वाटेल. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालेला आहे. ही माहिती कुठे साठवली जाते, कोण पाहतं आणि केव्हा पुसली जाते, हे नोंदणीच्या वेळी दोन वाक्यांत बोलून सांगा. फसवणुकीच्या फोनांनी लोक हल्ली धास्तावलेले आहेत. म्हणून एकच क्रमांक ठेवा आणि तो आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहा, म्हणजे फोन आला की तो सरकारचाच आहे याची खात्री पटेल.

भीती दाखवण्याबद्दलही बोलायला हवं. सडलेल्या गालाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवण्याचा उत्साह मी पाहते. ज्याला बाहेर पडायची वाट दाखवलेली आहे त्याला भीती पुढे ढकलते. वाट न दाखवता नुसती भीती घातली, तर माणूस तोंड फिरवतो आणि ग्रुप म्यूट करतो. प्रत्येक भीतीच्या चित्राखाली आज, आत्ता करायची एक लहान गोष्ट द्या. ती देता येत नसेल तर चित्र पाठवू नका.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०११ साली वर्तनबदलाची एक सोपी चौकट मांडली. वागणं बदलायला क्षमता, संधी आणि प्रेरणा अशा तीन गोष्टी लागतात. आपण तिसरीवर सगळा पैसा ओततो. संधी, म्हणजे भोवतालची परिस्थिती, तशीच राहते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे, अठरा वर्षांखालच्या मुलांना विकायला बंदी आहे, हे २००३ च्या कायद्यात आहे. पण कारखान्याच्या गेटसमोर रांगेने टपऱ्या आहेत आणि मजुरांना चहासोबत तंबाखूची पुडी देणारे ठेकेदार आहेत. फोनवरचा सर्वांत गोड आवाजही त्या गेटसमोर हरतो. म्हणून कामगार विभाग, साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहतींना या उपक्रमात घ्या. मालकाने रात्रपाळीला दोन वाजता चहा आणि पाच मिनिटं सुटी दिली, तर ती आपल्या शंभर संदेशांइतकी उपयोगी पडेल.

आशाताईंवर मात्र हे ओझं टाकू नका. राज्यात त्यांची संख्या सुमारे ७० हजार आहे, आणि ऑनलाइन कामाच्या वाढत्या बोजाविरुद्ध त्यांनी आंदोलनंही केलेली आहेत. त्यांच्या फोनवर आणखी एक ॲप आलं तर रकाने भरले जातील, तंबाखू सुटणार नाही. त्यांच्याकडे मागायचं असेल तर इतकंच मागा: घरी गेल्यावर क्रमांक सांगणं आणि हवं असेल तर मिस्ड कॉल द्यायला मदत करणं. त्याचाही मोबदला द्या. पुढचं बोलणं प्रशिक्षित समुपदेशकाने करावं. तीन दिवस फोनला उत्तर न देणाऱ्याला किंवा “पुन्हा घेतली” असं कळवणाऱ्याला माणसाचा फोन जायला हवा, यंत्राचा नको. “पुन्हा घेतली” हे सांगणाऱ्याला रागावू नका, त्याचं अभिनंदन करा. त्याने लपवलं नाही, आणि कुठे पाय घसरला हे त्याला आता ठाऊक झालं आहे.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत कळीचा मुद्दा मोजण्याचा. किती डाउनलोड, किती व्ह्यूज, किती फॉरवर्ड, हे आकडे बैठकीत छान दिसतात आणि तंबाखूबद्दल काहीच सांगत नाहीत. गुंथर आयझेनबाख या संशोधकांनी २००५ सालीच लिहून ठेवलं आहे की इंटरनेटवरच्या आरोग्य उपक्रमांत मोठी गळती हा अपवाद नसून नियम आहे. म्हणून सुरुवातीलाच जाहीर करा: नोंदणी केलेल्या प्रत्येकाला सहा महिन्यांनी फोन करू, जो उत्तर देणार नाही तो अजून तंबाखू घेतो असंच धरू, आणि सोडली असं सांगणाऱ्यांपैकी काहींच्या लाळेची तपासणी करू. आकडा लहान येईल. येऊ द्या. खर्ऱ्याचा वेगळा, मशेरीचा वेगळा, बायकांचा आणि पुरुषांचा वेगळा असा तो दरवर्षी छापा. उपक्रम एकदम छत्तीस जिल्ह्यांत सुरू न करता काही तालुक्यांत आधी आणि काहींत वर्षभराने सुरू केला, तर फरक कशामुळे पडला हेही कळेल.

ध्वनिमुद्रण पक्कं करण्याआधी मसुदे तालुक्यांना पाठवा. स्टुडिओत बसून ठरवू नका. आमच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर, बचत गटाच्या बैठकीत, ऊसतोडीच्या अड्ड्यावर ते ऐकवून कोणत्या वाक्याला लोक हसले, कुठे गप्प झाले आणि कुठे फोन ठेवून दिला, हे लिहून पाठवायची जबाबदारी मी घेते. माझ्यासारखे समुपदेशक आणि दंतवैद्य प्रत्येक जिल्ह्यात आहेत. पुढच्या आर्थिक वर्षाचा आराखडा ठरण्याआधी आम्हाला एका दिवसासाठी बोलवा, आम्ही स्वखर्चाने येऊ.

आपली विश्वासू,
तंबाखूमुक्ती समुपदेशक